पाखरांचें पंचांग

वैशाखाचा उन्हाळा असह्य झाला म्हणजे एखाद्या पहाटे बांधावरच्या आंब्यांतून पावशाचा आवाज ऐकूं येतो, आणि कुळव दुरुस्त करीत बसलेला शेतकरी हातांतील काम थांबवून क्षणभर कान देतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असें हा पक्षी बजावीत असतो, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. आज्यानें ती नातवास सांगितली, आणि नातू आजा झाल्यावर त्यानेंही ती पुढें चालविली. पावसाची वाट पाहणारा चातक, ज्वारीचें कणीस भरतांना थव्यांनीं उतरणाऱ्या भोरड्या, पावसाळा ओसरल्यावर ओढ्याच्या कांठीं शेपूट हालवीत फिरणारा परीट, हिवाळ्यांत नदीच्या वाळवंटावर दिसणारीं चक्रवाकांचीं जोडपीं, या सर्वांच्या येण्याजाण्यावरून ऋतूची खूण ओळखण्याची एक विद्या महाराष्ट्राच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या नांदत आली. तिला पाखरांचें पंचांग म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पण पंचांग म्हटलें म्हणजे तिथि आली, वार आला. आणि या पंचांगांत नेमकी तीच उणीव होती. कोणता पक्षी कोणत्या ऋतूंत येतो हें सर्वांस ठाऊक. परंतु अमुक गांवीं, अमुक वर्षीं, अमुक दिवशीं तो आला, असें लिहून ठेवण्याची चाल पडली नाहीं. हें लिहिणें आपल्या प्रांतांत कसें सुरूं झालें, कसें वाढलें, कोठें बुडालें, आणि त्यांत आपला वाटा किती, याचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा हेतु आहे.

आमच्या घरीं आजोबांच्या हातच्या रोजकीर्दीच्या वह्या आहेत. त्यांत बियाण्याचा भाव आहे, बैलाची खरेदी आहे, मृग कोरडा गेला, हस्ताचा पाऊस चांगला झाला, अशा ओळीही जागोजाग आहेत. भोरड्यांपासून पीक राखण्यासाठीं माळ्यावर गोफण घेऊन बसविलेल्या गड्याची मजुरीसुद्धां जमाखर्चांत सांपडते. पण भोरड्या केव्हां आल्या तें मात्र सांपडत नाहीं. त्या मजुरीवरून भोरड्यांचा महिना आम्हांस अदमासानें काढावा लागला. आजोबांस पाखरें ओळखतां येत नव्हतीं असें मुळींच नव्हे. ओसरीवर बसून नुसत्या आवाजावरून ते पांचपन्नास पक्षी सांगत. त्यांस तें इतकें उघड वाटे कीं, त्यांत लिहून ठेवण्याजोगें कांहीं आहे असें त्यांच्या मनांत आलें नसावें. जें रोज दिसतें तें लिहावयाचें कशाला, ही समजूत त्यांच्या एकट्याची नव्हती. ती साऱ्या समाजाची होती.

आपल्या जुन्या काव्यांत पक्षी नाहींत असें कोण म्हणेल? कालिदासाच्या मेघदूतांत मानस सरोवराकडे निघालेले राजहंस आहेत, चातक आहे, आकाशांत बलाकांची माळ आहे. ज्या कोणी हें प्रथम पाहिलें त्याची दृष्टि बारीक होती यांत संशय नाहीं. परंतु संकेत एकदां रूढ झाला म्हणजे पुढच्यास डोळे मिटूनही चालतां येतें. वसंत आला कीं कोकिळ येतो, असें कवींनीं सांगितलें व आपण मानलें. वस्तुतः आपल्याकडे कोकिळ बाराही महिने असतो; थंडींत तो मुका असतो, इतकेंच. पावशाचेंही बहुतांशीं तेंच आहे. उलट चातक हा मात्र खरोखरीचा पाहुणा. मोसमी वाऱ्यांच्या सुमारास तो आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो आणि पाऊस संपल्यावर परत जातो. ऐकूं न येणें व नसणें या दोन गोष्टींतील भेद संकेतानें कळत नाहीं. तो कळण्यास कोणीतरी ऐन पौषांत झाडाखालीं उभें राहून 'आज कोकिळ दिसला, बोलला नाहीं' असें टिपून ठेवावें लागतें.

असें टिपण्यास दख्खनांत आरंभ झाला तो पेशवाई बुडाल्यानंतर सहा वर्षांनीं. मुंबई सरकारनें १८२४ सालीं विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सर्व प्रकारची माहिती आंकड्यांनिशीं गोळा करण्याच्या कामीं नेमलें. गांवें, माणसें, पिकें हें तर त्यानें मोजलेंच. पण हवेचा दाब, उष्णता व पाऊस यांच्याही नोंदी केल्या, आणि त्याच वृत्तीनें पाखरांचीही गणती मांडली. १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतांत त्याची दख्खनच्या पक्ष्यांची सूचि प्रसिद्ध झाली. तींत सुमारें २३६ जाति आहेत. गांवावर घिरट्या घालणाऱ्या आपल्या घारीस त्यानें 'गोविंद' हें नांव दिलें आणि माळावरच्या एका लहानशा चंडोलास 'देव' हें. दोन्हीं नांवें शास्त्रीय नामावलींत अद्यापि चालू आहेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पावसाची नोंद आणि पाखरांची नोंद या दोन्हीं साइक्सच्या एकाच दप्तरांत होत्या. परंतु पुढें दोघींचें नशीब निराळें झालें. पावसाचें मोजमाप तालुक्याच्या कचेरींत गेलें. पर्जन्यमापकांतील पाणी नेमानें मोजून कारकुनानें आंकडा लिहावा असा शिरस्ता पडला, कारण पिकें पावसावर आणि सरकारचा सारा पिकांवर. पाखरांवर कोणाचा सारा अवलंबून नव्हता. म्हणून त्यांची नोंद छंदिष्टांच्या हातीं राहिली. छंदिष्टाची बदली झाली किंवा तो स्वदेशीं परतला म्हणजे त्या जिल्ह्याची वही मिटली.

छंदिष्टांत शिकारीही आले. रॉबर्ट मॅन्सफील्ड नांवाच्या एका इंग्रजानें १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगरच्या प्रदेशांत ९६१ माळढोक मारले, असें नमूद आहे. हा आंकडा वाचतांना मन विषण्ण होतें. पण विचार करतां असें दिसतें कीं, त्या माळावर एके काळीं माळढोक किती होते हें सांगणारा दुसरा आंकडा हातीं येणें कठीण. ज्यांनीं त्या पक्ष्यावर बंदूक धरली नाहीं, ज्यांच्या डोळ्यांदेखत तो पिढ्यान् पिढ्या गवतांतून चालत होता, त्यांनीं तो मोजला नाहीं, मारणाऱ्यानें मोजला. इतिहासाचा हा न्याय चमत्कारिक खरा, पण इतिहास लिहिलेल्यावरच चालतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या कामास वेग आला. टी. सी. जर्डन यानें १८६२ ते १८६४ या काळांत हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर तीन खंड प्रसिद्ध केले, आणि जिल्ह्यांजिल्ह्यांतून फिरणाऱ्या साहेबलोकांच्या हातीं ओळख पटविण्याचें साधन आलें. १८७२ सालीं ॲलन ऑक्टेव्हिअन ह्यूम यानें 'स्ट्रे फेदर्स', म्हणजे गळलेलीं पिसें, या नांवाचें नियतकालिक काढलें. कलेक्टर, इंजिनिअर, डॉक्टर, पलटणींतील अधिकारी, असे देशभरचे पत्रलेखक त्यांत आपापल्या जिल्ह्याची हकीकत पाठवूं लागले. महाराष्ट्राविषयींचे पहिले सविस्तर वृत्तांत यांतच आहेत: डेव्हिडसन व वेन्डन यांनीं १८७८ सालीं दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिलें, विडाल यानें १८८० सालीं दक्षिण कोकणची सूचि दिली, आणि डेव्हिडसन यानेंच १८८२ सालीं पश्चिम खानदेशची. मात्र या सूचि वाचतांना लिहिणाऱ्याचाही ऋतु विसरूं नये. मुलकी अधिकाऱ्याची फिरती पावसाळा संपल्यावर सुरूं होई व उन्हाळ्यांत संपे. तंबू पडे तो ओढ्याकांठीं, आमराईंत. तेव्हां थंडीच्या पाखरांस त्याच्या वहींत जेवढी जागा मिळे तेवढी श्रावणांतल्या पाखरांस मिळणें शक्य नव्हतें. पक्ष्यांच्या पंचांगांत पाहणाऱ्याचें पंचांग नकळत मिसळलेलें असतें.

ह्यूमची गोष्ट येथें थांबून सांगितली पाहिजे. ज्याच्या प्रयत्नानें १८८५ सालीं मुंबईस राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें, तोच हा गृहस्थ. त्यानें शिमल्याच्या आपल्या बंगल्यांत पक्ष्यांचा प्रचंड संग्रह केला होता, आणि साऱ्या हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहावा म्हणून वर्षानुवर्षें टिपणें जमविलीं होतीं. तो घरीं नसतांना एका नोकरानें तीं हस्तलिखितें बाजारांत रद्दी म्हणून विकून टाकलीं. ह्यूमचें मन त्या विषयावरून उडालें. १८८५ सालीं त्यानें आपला संग्रह, कातडीं व अंडीं मिळून सुमारें ८२ हजार नमुने, लंडनच्या ब्रिटिश म्युझिअमला देऊन टाकला, आणि ज्या ग्रंथाची सर्वांस आशा होती तो कधींच झाला नाहीं. ही हकीकत सांगणारे बहुधा त्या नोकरास हंसतात. आम्हांस तसें हंसवत नाहीं. आपल्या किती वाड्यांतून, किती माळ्यांवरून किती वह्या अशाच तागडींत गेल्या, आणि त्या विकणारे नोकर नव्हते, घरचेच लोक होते, हें आम्हीं पाहिलें आहे. ह्यूमच्या कागदांचें मोल निदान ह्यूमला तरी ठाऊक होतें.

या सुमारास मुंबईंत एक नवी संस्था निघाली. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थ एकत्र जमले व त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठांत दोघे आपले होते: प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांतील डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, आणि वैद्यक व वनस्पतिशास्त्र या दोहोंचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन राऊत. साताऱ्यास जन्मलेला व 'एहा' या टोपणनांवानें लिहिणारा ई. एच. एटकिन हाही त्या आठांतलाच. त्याचें मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवरील पुस्तक १९०० सालीं निघालें. १८८६ पासून संस्थेचें नियतकालिक सुरूं झालें, तें आजतागायत चालू आहे. एका माणसाच्या बंगल्यांत जें सुरक्षित राहिलें नाहीं तें संस्थेच्या कपाटांत राहिलें. बदली होऊन गेलेल्या कलेक्टरची टिपणें त्याच्यामागें येणाऱ्यास वाचतां येऊं लागलीं.

आरंभाच्या आठांत दोन मराठी नांवें असतांना पुढील पन्नास वर्षांत त्या पानांवर आपलीं नांवें विरळ कां? इंग्रजी भाषा, बंदुकीचा परवाना, दुर्बीण, घोडा, सवड हीं साधनें फार थोड्यांपाशीं होतीं, हें एक कारण. पण तेवढ्यानें भागत नाहीं. पाखरांचें खरें ज्ञान ज्यांच्याजवळ होतें ते आपल्यांतलेच होते, आणि त्यांच्याकडे आपण सुशिक्षितांनीं कधीं पाहिलें नाहीं. फांसेपारधी तितर-लाव्यांच्या वाटा, वेळा, विणीचे दिवस जितके जाणे तितके कोणी साहेब जाणत नसे. त्याचें पोटच त्यावर होतें. गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें त्याच पारध्यावर जन्मतः संशयाचा शिक्का मारला, आणि स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द होईपर्यंत त्याला पोलिसांपुढें हजेरी द्यावी लागे. सरकारनें त्याची हजेरी मांडली. त्याला काय ठाऊक आहे हें मात्र सरकारनेंही लिहिलें नाहीं आणि आपणही लिहिलें नाहीं. साहेबांच्या सूचींतील पुष्कळ नमुने एतद्देशीय पारध्यांनीं व शिकाऱ्यांनींच आणून दिलेले असत. सूचीखालीं सही मात्र साहेबाची.

विसाव्या शतकांत हें चित्र पालटविण्याचें पुष्कळसें श्रेय सालिम अली यांस आहे. १८९६ सालीं मुंबईंत जन्मलेल्या या पुरुषानें पक्षी मारून पेटींत ठेवण्यापेक्षां तो जिवंत असतां काय करतो हें पाहण्यावर भर दिला. १९३० च्या पावसाळ्यांत अलिबागजवळच्या किहीम गांवीं त्यांनीं सुगरणीच्या वसाहतीपुढें महिनोन् महिने ठाण मांडलें. घरटें विणतो तो नर. तें अर्धवट झालें म्हणजे मादी येऊन पारखते, पसंत पडल्यास आंत राहते. आणि नर दुसरें घरटें विणावयास घेतो. ही सारी व्यवस्था रोजच्या टिपणांवरून उलगडली व दुसऱ्या वर्षीं प्रसिद्ध झाली. ज्या पावसाळ्यांत साहेबाचा तंबू गुंडाळलेला असे, त्याच पावसाळ्यानें हें फळ दिलें. हुमायून अब्दुलअली यांच्यासह त्यांनीं मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली, आणि १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांवरचें त्यांचें सुप्रसिद्ध पुस्तक निघालें. त्या पुस्तकानें सामान्य माणसाच्या हातीं पक्ष्यांचीं नांवें दिलीं. आणि नांव कळल्यावांचून नोंद होत नाहीं.

१९५९ सालीं सोसायटीनें पक्ष्यांच्या पायांत हलकीं कडीं घालण्याचें मोठें काम हातीं घेतलें. पैसा आला तो जागतिक आरोग्य संघटनेकडून. स्थलांतर करणारे पक्षी रोगांचे वाहक असावेत काय, हा तिचा प्रश्न होता. पाखरांवर सारा नसला तरी रोगाचें भय होतें! प्रत्येक कड्यावर क्रमांक व 'मुंबईच्या सोसायटीस कळवावें' अशा अर्थाचा मजकूर असे. परदेशीं कोणास असा पक्षी सांपडला व त्यानें पत्र धाडलें कीं एका टोकाची तारीख दुसऱ्या टोकाच्या तारखेस जुळे. आतां तर त्याही पुढची मजल गांठली आहे. २०२० सालीं डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेनें चातकाच्या पाठीवर लहानसें यंत्र बसविलें, आणि तो अरबी समुद्र ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्यास लागल्याचें उपग्रहाच्या द्वारें कळलें. ज्याला आपण पावसाच्या थेंबासाठीं चोंच वासून बसविलें, तो पक्षी समुद्र तरून जाणारा निघाला.

जुन्या नोंदींचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उत्तर आपल्याच नद्यांवर आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा झाला; पाण्याबरोबर गाळ आला, गाळावर पाणवनस्पति आल्या, आणि उत्तरेकडील बदकांनीं तें ठिकाण आपलेंसें केलें. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें, व २०२० सालीं रामसर करारांतील पाणथळींच्या यादींत गेलेलें तें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ ठरलें. जायकवाडी व उजनी हीं धरणें १९७० ते १९८० च्या दशकाच्या सुमारास पुरीं झाल्यावर तेथेंही पट्टकादंब व रोहित उतरूं लागले. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू माळावर आहे. ज्या पाण्यानें बदकें आलीं त्याच पाण्यानें ऊस आला, आणि गवताळ माळ नांगराखालीं गेले. माळढोकासाठीं सोलापूर व नगर जिल्ह्यांत १९७९ सालीं ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. २०१२ सालीं तें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आलें. आणि आज नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते. मॅन्सफील्डचा ९६१ हा आंकडा जवळ नसता, तर येथें माळढोक पूर्वीपासूनच विरळ असावेत, असें म्हणावयास आपण मोकळे झालों असतों.

अलीकडे लिहिणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट. २००७ सालीं बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांतील अभ्यासकांनीं 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम काढून, हिवाळी पाहुणा प्रथम कोणत्या दिवशीं दिसला व शेवटीं कोणत्या दिवशीं, एवढेंच सामान्य लोकांस विचारलें. पुढें 'ईबर्ड'सारखीं सार्वजनिक दप्तरें आलीं. २०२३ सालच्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालास सुमारें ३० हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींचा आधार होता. मात्र पहिल्या दर्शनाच्या तारखेंत एक फसवणूक दडलेली असते. पाहणारे दहाचे हजार झाले कीं परीट दहा दिवस आधीं 'येतो'. पाखरूं पूर्वींच्याच दिवशीं आलेलें असतें, लवकर दिसलेलें असतें एवढेंच. म्हणून आतां जाणते लोक म्हणतात कीं, किती वेळ पाहिलें तें लिहा, ओळखलें तें सारें लिहा, आणि नेहमींचा पक्षी दिसला नाहीं तरी वही उघडा. 'आज कांहीं नाहीं' हीही नोंदच आहे.

त्याच अहवालांत ज्या ३३८ जातींविषयीं दीर्घ काळाचा कल काढतां आला, त्यांपैकीं शेंकडा ६० जाति घटलेल्या आढळल्या. हा दीर्घ काळ म्हणजे सुमारें एका पिढीचा. त्याच्या मागें जावयाचें तर नोंदी इतक्या तुटक होत जातात कीं हिशेब बसत नाहीं. आमच्या आजोबांचा काळ त्या अंधारांत आहे. त्यांनीं पाहिलेल्या भोरड्या आजच्याहून अधिक होत्या कीं कमी, हें गड्याच्या मजुरीवरून सांगतां येत नाहीं. आणि विचारावयास आतां आजोबा नाहींत.

तेव्हां आमचें मागणें लहानसें आहे. घरांत जुन्या रोजकीर्दी, शेतीच्या वह्या असतील तर त्या तागडींत जाण्यापूर्वीं एकदां उघडून पाहाव्या. एखादी ओळ कोणाच्या तरी उपयोगास येईल. गांवांत पारधी, कातकरी, गुराखी, धनगर यांपैकीं पाखरें जाणणारा कोणी वृद्ध असेल तर त्याच्याजवळ बसून तो सांगेल तें लिहून घ्यावें, आणि खालीं त्याचें नांव घालावें, आपलें नव्हे. आणि आपल्या अंगणांतील झाडाची एक वही आजपासून घालावी. आम्हीं आजोबांच्या शेवटच्या वहींतील कोरीं राहिलेलीं पानें या कामीं घेतलीं आहेत. पावशा यंदाही बोलेल. तो कोणत्या दिवशीं बोलला, एवढें तरी यंदा प्रत्येकानें लिहून ठेवावें, ही विनंति.